धावणाऱ्यांच्या वहीतले रिकामे रकाने

धानाची कापणी आणि चुरणी आटोपली, की साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावांच्या रस्त्यांवर पहाटेची वर्दळ वाढते. थंडीत, उजाडण्याच्या आत, कानाला रुमाल बांधून तरुण मुले-मुली धावायला निघतात. यातल्या बहुतेकांना पदक नको असते, वर्दी हवी असते. पोलीस भरती, राज्य राखीव पोलीस दल किंवा अग्निवीर हे त्यांचे लक्ष्य. त्याच सुमारास नागपूर-मुंबईकडचे हौशी धावपटू जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची शेवटची तयारी करत असतात आणि सरत्या वर्षाचा ताळेबंद मांडत असतात: किती किलोमीटर धावलो, किती शर्यती केल्या, किती मिनिटे कमी केली.

शहरातल्या धावपटूचा हिशेब मनगटावरचे घड्याळ ठेवते. गावातल्या मुलाकडे शंभर पानी वही असते. तिच्यात तारीख आणि त्यापुढे सोळाशे मीटरची वेळ. जानेवारीत ६ मिनिटे २०, डिसेंबरात ५ मिनिटे ३५. प्रगती दिसते, समाधान वाटते. पण घड्याळ असो की वही, दोन्हींत एक उणीव सारखीच आहे. पाय किती पळाले याची नोंद होते. त्यासाठी शरीराने काय मोजले, याची होत नाही.

भरतीच्या काळात हा हिशेब नेहमीपेक्षा महत्त्वाचा असतो. सुमारे १५ हजार पदांच्या पोलीस भरतीसाठी २०२५ च्या ऑक्टोबरअखेर अर्ज मागवण्यात आले. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि त्याला ५० पैकी २० गुण असतात. पूर्ण गुण हवे असतील तर मुलांना ५ मिनिटे १० सेकंद, मुलींना २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत पोहोचावे लागते. राखीव दलासाठी ५ किलोमीटर. खुल्या गटाला वयाची मर्यादा २८ वर्षे. ज्याचे वय सरत आले आहे, त्याच्यासाठी पाच-दहा सेकंदांत आयुष्याची दिशा ठरते. म्हणूनच ही मुले दुखणे लपवतात, ताप अंगावर काढतात आणि विश्रांतीला आळस समजतात.

त्याची किंमत राज्याने पाहिली आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यानंतर चार तरुणांचा जीव गेला आणि त्यानंतर अंतर कमी करण्याचा निर्णय झाला. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत ६० मिनिटांत १० किलोमीटर धावण्याची अट होती. तिथे दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि चाचणी काही दिवस थांबवावी लागली.

मग धावणेच घातक आहे का? नाही. अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींचा दोन वेळा मोठा अभ्यास झाला. २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर बंद पडले, त्यातले ४२ दगावले. २०१० ते २०२३ या काळाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच होते, पण मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले होते. दर कोटी धावपटूंमागे आधी ३९ मृत्यू, नंतर सुमारे २०. हृदये बदलली नव्हती, तयारी बदलली होती. छातीवर दाब देऊ शकणारी माणसे आणि हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रे आता शर्यतीच्या मार्गावर हजर असतात. म्हणजे धोका लहान आहे आणि तो आणखी लहान करता येतो. त्यासाठी वहीत चार रकाने वाढवावे लागतील.

पहिला रकाना : एकदम वाढलेला भार

जाहिरात निघेपर्यंत सराव रमतगमत चालतो. जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून दुप्पट. हाडे आणि स्नायूबंध यांना हे झेपत नाही. फुप्फुसे आणि हृदय काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाडांना महिने लागतात. पाच हजारांवर धावपटूंच्या एका अभ्यासात २०२५ मध्ये असे दिसले, की गेल्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त अंतर कापले, तर दुखापतीची शक्यता ठळकपणे वाढते. आठवड्याची बेरीज ठीक दिसत असली, तरी एकाच दिवसाची हौस महागात पडते.

भरतीच्या मुलांत नडगीचे दुखणे फार दिसते. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी तीव्र दुखत असेल, पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ती दिसतही नाही. गोळी घेऊन धावत राहिल्यास चिरेचे फ्रॅक्चर होते आणि भरतीच हातची जाते. वहीत मागे वळून पाहावे : दुखणे कोणत्या आठवड्यात सुरू झाले आणि त्याआधी अंतर किती वाढवले होते? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

दुसरा रकाना : शेतातले काम, झोप आणि नाडी

परदेशी सराव-तक्ते ज्यांच्यासाठी लिहिले जातात, ते लोक उरलेला दिवस खुर्चीत बसतात. झाडीपट्टीतली मुलगी रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेली असते आणि संध्याकाळी ८०० मीटरचे फेरे मारते. कापणीत भारे वाहणाऱ्या मुलाचेही तेच. शरीराला बांधीतले श्रम आणि मैदानातले श्रम यांत फरक कळत नाही. दोन्ही एकाच खात्यावर पडतात. रोवणीच्या महिन्यात वेळ बिघडली, तर त्याचा अर्थ मुलगी आळशी झाली असा नसतो. तिचा एकूण भार वाढला आणि झोप घटली, एवढाच असतो. त्या दिवसांत सराव निम्म्यावर आणणे शहाणपणाचे.

याचे माप फुकटात मिळते. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटाची नाडी एक मिनिट मोजावी आणि लिहावी. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त सलग तीन-चार दिवस येत असतील, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, तर शरीर सुटी मागत आहे. रोज जीव तोडून पळणाऱ्यापेक्षा आठवड्यात दोनच दिवस जोरात आणि बाकी दिवस बोलता-बोलता धावता येईल अशा संथ गतीने पळणारा पुढे जातो. जगातले अव्वल धावपटूही आपल्या सरावाचा बराच मोठा भाग असाच संथ ठेवतात.

तिसरा रकाना : रक्त

पूर्व विदर्भातील धावपटूसाठी हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आणि तोच बहुतेक वह्यांत कोरा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ९ असलेल्या मुलीला कितीही पळवले तरी तिची वेळ सुधारणार नाही, कारण स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारी गाडीच अपुरी आहे. तिला आणखी फेऱ्यांची गरज नसते. रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर सकस जेवण हा तिचा सराव. भाताबरोबर डाळ, हरभरा, अंडी, तलावातली मासळी यांपैकी जे परवडेल ते रोज हवे. सरावाने पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर खाणे श्रमाला पुरत नाही, असे समजून डॉक्टरांकडे जावे.

दुसरा मुद्दा सिकलसेलचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक दोष बऱ्याच समाजांत आढळतो. ज्याला दोन्ही पालकांकडून दोष मिळतो तो रुग्ण, म्हणजे एसएस. एकाच पालकाकडून मिळाला तर वाहक, म्हणजे एएस. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून त्याला ते माहीतही नसते. मात्र उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, सवय नसताना एकदम जीव खाऊन पळाल्यास वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो, स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंड आणि हृदय यांच्यावर घाला घालतात.

म्हणून वाहकांनी धावू नये का? अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हते. स्नायू फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्या लष्करात ऊन, पाणी आणि सरावाची वाढ यांबाबतचे नियम सर्वांसाठी सक्तीचे आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अर्थ सरळ आहे. वाहक धावू शकतो, वर्दीही घालू शकतो, पण त्याला आपण वाहक आहोत हे माहीत हवे. त्याने भार हळूहळू वाढवावा, दोन जोरदार फेऱ्यांमध्ये पुरेसा दम घ्यावा, ताप किंवा जुलाब असताना पळू नये आणि पायातली ताकद अचानक गेली तर त्याच क्षणी थांबावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. निकाल वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा. तो लपवण्यासारखा नाही.

चौथा रकाना : ऊन आणि औषधे

डिसेंबरच्या गारठ्यात जमवलेली वेळ मे-जूनच्या मैदानावर टिकत नाही. विदर्भाचे ऊन ४५ अंशांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर हवेतला दमटपणा वाढला की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, तेही थोडे थोडे वाढवत नेले तर. चाचणी उन्हाळ्यात लागली, तर पहाटेच्या सरावाला जोडून काही दिवस थोड्या उन्हातही हलका सराव करावा. चाचणीच्या दिवशी रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते. पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस आणि डोक्यावर सावली हवीच.

भरतीच्या दिवसांत वेदनाशामक गोळ्या आणि ‘दम वाढवणारी’ इंजेक्शने यांचीही कुजबुज चालते. पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. उत्तेजक औषधे थकव्याची घंटा बंद करतात, थकवा नाही. घंटा बंद झालेला माणूस कोसळेपर्यंत पळत राहतो.

कोणी कोसळलेच तर?

पाहणाऱ्याने तीन गोष्टी ओळखाव्यात. मुलगा अचानक बेशुद्ध पडला, हाक ऐकत नाही, श्वास नाही किंवा आचके देत आहे, तर हृदय बंद पडले आहे. लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चाल अडखळती, तर उष्माघात. त्याला आधी थंड करायचे, मग हलवायचे. टाकी, हौद, पाण्याची मोटर, ओली बारदाने, जे हाताशी असेल त्याने अंग भिजवत राहावे. आणि मुलगा शुद्धीवर आहे, बोलतो आहे, पण पाय उचलत नाहीत, मांड्यांत ताकद उरली नाही, तर सिकलसेल वाहकाचा झटका असू शकतो. ‘नाटक करतो’ म्हणून त्याला पुन्हा उभे करणे सर्वांत घातक. तिन्ही प्रसंगी दवाखाना गाठायचाच. पळाल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तरीही त्याच दिवशी.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. अशा शर्यतीत सायकलपटूच्या मागे मदतनीसांची गाडी असते. तो काय खातो, किती पितो, किती झोपतो, यावर त्यांची नजर असते. नागपूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या सानगडीत पहाटे धावणाऱ्या मुलामागे अशी गाडी नाही. त्याच्यामागे आहे ती वही, बरोबर धावणारे चार मित्र, घरचे आणि गावातली आशाताई. एवढ्यांनीही काम भागते, जर त्यांना काय पाहायचे हे ठाऊक असेल.

नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर सोळाशे मीटरची वेळ लिहिण्याआधी तीन ओळी लिहाव्यात : हिमोग्लोबिन किती, सिकलसेलचा निकाल काय, सकाळची नाडी किती. मग रोज झोपेचे तास, शेतातले काम आणि दुखण्याची जागा. ज्या दिवशी धावला नाही, त्या दिवशीही पान कोरे सोडू नये. तिथे ‘विश्रांती’ असे लिहावे. सरावाने आलेला थकवा भरून निघतो आणि ताकद वाढते ती याच दिवशी. पुढल्या डिसेंबरात वही उघडली, की सेकंद का घटले आणि का अडले, याचे उत्तर त्या पानांवर सापडेल.