कॅल्क्युलेटर : मनाईमागे विवेक हवा

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर राज्य मंडळाची सूचना छापलेली असते : लॉग टेबल वापरण्यास परवानगी, कॅल्क्युलेटरला मनाई. 'जेईई मेन'मध्येही तो निषिद्धच. मात्र तोच विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीच्या 'गेट' परीक्षेला बसला, की संगणकाच्या पडद्यावरच कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे हजर असतो; तेथे हीच पद्धत आहे. मग या नियमांमागील सूत्र कोणते?

पाढे, पावकी, निमकी घोकणाऱ्या पिढ्यांनी आकड्यांशी जे सख्य जोडले, ते अमूल्य होते. जेथे आकडेमोडीचीच कसोटी घ्यायची, तेथे यंत्राला मज्जाव हवाच. उत्तर शंभरपट चुकले तरी ते न खटकणे, हा यंत्रावर विसंबण्यातला खरा धोका आहे. परंतु भौतिकशास्त्रात तपासायची असते ती निसर्गनियमांची जाण. सूत्र अचूक मांडणारा विद्यार्थी अँटिलॉगच्या रकान्यांत वाट चुकून गुण गमावतो, तेव्हा आपण परीक्षा घेतली ती कशाची?

इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या गणिताच्या तीन प्रश्नपत्रिकांपैकी एक कॅल्क्युलेटरविना सोडवावी लागते. उरलेल्या दोहोंत तो चालतो. दोन्ही क्षमतांचा मान राखणारी ही विभागणी आपणही स्वीकारावी. यंत्र मात्र साधे, सर्वांना सारखे आणि परीक्षा केंद्रानेच पुरवलेले असावे. अन्यथा महागडे यंत्र बाळगणारा आणि ते न परवडणारा यांच्यात नवी दरी पडेल. 'गेट'ने ही समता साधली आहे. मंडळाला ती अशक्य का वाटावी?