अंथरूण आणि पांघरूण

मराठी भाषेने एक गोष्ट फार शहाणपणाची केली आहे. झोपण्याच्या सामानाला तिने दोन निरनिराळे शब्द दिले आहेत. खाली घालायचे ते अंथरूण आणि वर घ्यायचे ते पांघरूण. हा भेद मला पहिल्या इयत्तेपासून ठाऊक होता. पण त्याचा अर्थ कळायला पन्नाशी उलटावी लागली आणि त्यासाठी थेट हिमालयात जावे लागले. तेही रात्री दोन वाजता, बर्फावर उभारलेल्या तंबूत.

ही गोष्ट २०१९ सालच्या डिसेंबरातली. मी आणि माझा एक जुना मित्र उत्तराखंडात केदारकंठाच्या वाटेला गेलो होतो. साडेबारा हजार फुटांच्या आसपासचे हे शिखर अलीकडे पुण्या-मुंबईच्या मंडळींचे लाडके झाले आहे. सांक्री गावापर्यंत मोटार जाते, तिथून पुढे देवदाराची बने आणि मग बर्फ. डिसेंबरअखेरीस तिथे रात्री पारा शून्याखाली पाच-दहा अंश उतरला तर कोणाला नवल वाटत नाही. सामान जमवण्याचे काम माझ्याकडे होते. मी भाड्याच्या दोन स्लीपिंग बॅगा निवडल्या. प्रत्येकीवर ‘उणे १०’ असा ठसठशीत आकडा होता आणि एकेकीचे वजन अडीच किलोच्या घरात होते. एवढे पांघरूण घेतल्यावर अंथरुणाचे ओझे कशाला, म्हणून खाली घालायला बोटाच्या पेराइतक्याही जाडीच्या नव्हेत अशा दोन पट्ट्या गुंडाळून घेतल्या.

रात्री दोनला मित्राच्या हालचालीने मला जाग आली. तो चेन लावण्याचा प्रयत्न करीत होता आणि बोटे त्याचे ऐकत नव्हती. मी विचारले तर काहीतरी पुटपुटला. शब्द जड येत होते, दारू प्यालेल्या माणसाचे यावेत तसे. हा गृहस्थ चहाखेरीज कशाला शिवत नाही! मी ओरडून म्होरक्याला उठवले. त्या पहाडी पोराने मित्राच्या अंगावर आणखी काही घालण्याआधी त्याला उचलले आणि त्याच्या खाली रिकाम्या पाठपिशव्या, दोराची वेटोळी, आमच्या पट्ट्या, हाताला लागेल ते सारे पसरले. मग कोरडे कपडे चढवले आणि गरम साखरपाणी घोटाघोटाने पाजले. तासाभराने मित्र नीट बोलू लागला. सकाळी त्याने त्यावर चार विनोदही केले. पण त्यानंतर तो पुन्हा डोंगरावर आलेला नाही आणि त्या पट्ट्या मी निवडल्या होत्या हे मी विसरलेलो नाही.

हे आज सांगण्याचे कारण असे की, नवरात्रात तोच मित्र घरी आला आणि म्हणाला, “पोरगी त्याच डोंगरावर जायचं म्हणते आहे. मी नाही म्हणणार नाही. पण तिचं अंथरूण-पांघरूण तू निवड.”

एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. हा विश्वास मात्र फार जड होता. मी होय म्हणालो आणि या खेपेला अभ्यास करून परीक्षेला बसलो.

अभ्यासातला पहिला धडा असा की, पांघरूण ऊब देत नाही. ऊब आपल्या देहाची असते. पांघरूण ती राखते आणि राखते तेही कापडाने किंवा पिसांनी नव्हे, तर त्यांत अडकून राहिलेल्या निश्चल हवेने. चिरोटा आठवा. त्याची सारी शोभा पदरांमधल्या पोकळीत असते. तळहाताने दाबला की पीठ तेवढेच राहते, पण चिरोटा संपतो. स्लीपिंग बॅगेचे तसेच आहे. वरची बाजू टम्म फुगते, पण पाठीखालची बाजू आपल्याच भाराने चेपून पापड होते. त्या पापडाखाली बर्फ असते. माझ्या मित्राच्या अंगावर उणे १० चे पांघरूण होते, पण अंथरूण नव्हतेच.

मित्राच्या मुलीला हे पटेना. “काका, पण बॅगेवर आकडा असतो ना?” ती म्हणाली.

आकडा असतो, पण तो वाचता यावा लागतो. युरोपात २००२ साली या आकड्यांसाठी एक प्रमाण ठरले आणि २०१६ साली त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने घेतली. त्यात तपमाने निरनिराळी दिलेली असतात. पहिले सुखाचे, म्हणजे सर्वसाधारण बाई ज्यात हातपाय सैल सोडून झोपेल ते. दुसरे सीमेचे, म्हणजे सर्वसाधारण पुरुष ज्यात अंग मुडपून, पण न कुडकुडता रात्र काढेल ते. तिसरे टोकाचे. तिथे झोपेची बातच नाही. सहा तास जीव तगून राहील एवढेच त्याचे आश्वासन, हिमदंश होणार नाही याचीही हमी नाही. आमच्या त्या बॅगेवरचे उणे १० या तिघांपैकी कोणते, हे मी विचारलेच नव्हते. आणि खरी मौज पुढेच आहे. ही तपमाने ठरवताना पुतळ्याला आतले लांब कपडे घालतात आणि चांगल्या जाड मॅटवर निजवतात. म्हणजे पांघरुणावरचा आकडासुद्धा अंथरूण गृहीत धरूनच छापलेला असतो!

अंथरुणालाही आता स्वतःचा आकडा आहे. त्याला आर-मूल्य म्हणतात. एका अंगाला तापती थाळी, दुसऱ्या अंगाला गार थाळी, मध्ये मॅट. उष्णता निसटायला किती अडथळा होतो ते मोजायचे. यासाठी अमेरिकेत एएसटीएम एफ ३३४० नावाचे प्रमाण २०१८ साली आले, म्हणून आता निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅटा एका मापाने तोलता येतात. फोमच्या घडीच्या मॅटचे मूल्य साधारण २ असते. आत उष्णता अडवणारे थर असलेली फुगवायची मॅट ४ च्या आसपास, काही वेळा त्याहूनही वर जाते. हे आकडे सरळ बेरजेने वाढतात. २ वर ४ ठेवली की ६ झाले. बर्फावर निजायचे तर एकूण ५ तरी हवेत असे जाणते लोक मानतात. शिवाय फुगवायच्या मॅटला रात्री भोक पडले तर फोमची बिचारी खाली असतेच. फोमला भोक पडून काही बिघडत नाही.

हे सारे मी घरी मोठ्या ऐटीत सांगत असताना आमची सौ. शांतपणे म्हणाली, “यात नवीन काय? आमची आजी थंडीत एक गोधडी कमी पांघरायला द्यायची आणि एक जास्त खाली घालायची. म्हणायची, थंडी जमिनीतून येते.” सारवलेल्या जमिनीवर जन्म काढलेल्या त्या माउलीला आर-मूल्य ठाऊक नव्हते, पण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने ती जी गोधडी शिवी, ती थरांचीच विद्या होती. थंडी वाढली की गोधडी वाढवायची, उन्हाळ्यात एकच ठेवायची. एकच जाडजूड गादी बारमाही वापरण्यापेक्षा हे शहाणपण मोठे.

आणि हेच आजचे नवे शास्त्र आहे. एका जड पिशवीऐवजी सुटे, हलके थर घ्यायचे आणि रात्र पाहून जोडायचे. मित्राच्या मुलीसाठी मी शेवटी चार नग ठरवले. खाली फोमची मॅट ४०० ग्रॅम, तिच्यावर फुगवायची मॅट ४५० ग्रॅम. अंगावर पिसांची दुलई ८०० ग्रॅम, तिच्यावर कृत्रिम धाग्यांची दुलई ७०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी स्वतः तोलले. एकूण २ किलो ३५० ग्रॅम, म्हणजे आमची ती २०१९ ची नुसती पिशवी होती त्याहूनही कमी.

दुलई अशासाठी की, चेपून निकामी होणारी पाठीची बाजू तिला मुळी नसतेच. तेवढे वजन वाचते. कडा मॅटला पट्ट्यांनी बांधता येतात. मात्र जो माणूस झोपेत लाटण्यासारखा गडगडतो, त्याने दुलईच्या भरीला पडू नये. त्याला बंद पिशवीच बरी. दुलईला टोपडेही नसते, तेव्हा डोके झाकायची सोय वेगळी करावी लागते. आपली माकडटोपी इथे उत्तम कामाला येते. ती घालायला मुलीने आधी साफ नकार दिला होता.

पिसे म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाखालची लव. वजनाच्या मानाने तिच्याइतकी हवा दुसरे काही क्वचितच धरते. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात अशी पिसे भरलेला कोट घालून गेला, तेव्हा सोबत्यांना त्याची गंमत वाटली. वर थंडी पडल्यावर त्यांना त्याचा हेवा वाटू लागला. दुकानात पिसांच्या मालावर ६००, ८०० असे आकडे दिसतात. एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात त्याचे ते माप. आकडा मोठा तितकी तीच ऊब कमी वजनात मिळते आणि खिसाही तितकाच हलका होतो. पिसांचा एक दोष आहे. भिजली की गोळा होतात आणि हवा सोडून देतात. कृत्रिम धागे जड, पण ओले झाले तरी थोडीफार ऊब राखतात.

म्हणून वरचा थर कृत्रिम धाग्यांचा. आपल्या अंगाची वाफ रात्रभर बाहेर निघत असते आणि गार कापडाला भिडली की तिचे पाणी होते. दोन थर असले की हे दव बहुधा वरच्या, कृत्रिम थरात धरते आणि आतली पिसे कोरडी राहतात. चार-पाच रात्री सलग काढायच्या असतील तर हा फरक मोठा. एवढे पाहावे की वरची दुलई ऐसपैस असावी. तोकडी असली तर ती खालच्या पिसांना चेपते आणि पुन्हा चिरोट्याची गत होते.

दोन थर मिळून किती थंडी निभेल, याचा एक ठोकताळा आहे. २१ मधून वरच्या दुलईचे सुखाचे तपमान वजा करावे, उरेल त्याचे निम्मे करावे आणि तितके अंश आतल्या दुलईच्या आकड्याखाली उतरावे. वरची ५ अंशांची, आतली उणे ३ ची. २१ मधून ५ गेले १६, निम्मे ८, म्हणजे उणे ११ पर्यंत मजल. हा ठोकताळा आहे, वेदवाक्य नव्हे. उपाशी, दमलेल्या किंवा ओल्या अंगाला कोणताच आकडा लागू पडत नाही. निजण्यापूर्वी पोटभर खावे, कोरडे मोजे घालावेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती कुशीत घ्यावी. तोंड मात्र पांघरुणात घालू नये, कारण श्वासाची सगळी ओल आतच राहते.

वाचक म्हणतील, एका सहलीसाठी इतका खर्च? प्रश्न रास्त आहे. जो दर वर्षी बर्फातच जातो, त्याला एकच उत्तम पिसांची पिशवी घेणे अधिक हलके पडेल. पण आपण बहुतेक जण सह्याद्रीचे. दिवाळीचे डबे रिकामे होईतो हरिश्चंद्रगडावर गारवा सुरू होतो. तिथे या चारांपैकी वरची दुलई आणि फोमची मॅट एवढीच पुरे, वजन १ किलो १०० ग्रॅम. हिमालयासाठी उरलेले दोन नग जोडायचे. ज्यांना सगळे घेणे परवडत नाही त्यांनी पांघरूण भाड्याने आणावे, पण अंथरूण स्वतःचे घ्यावे. भाड्याच्या सामानात हलगर्जी होते ती बहुधा अंथरुणाचीच. माझीही तिथेच झाली होती.

परवा मित्र सामान पाहायला आला. मी तयारीत होतो. आकडे, थर, ठोकताळा, सारे पाठ होते. त्याने दुलयांकडे ढुंकूनही पाहिले नाही. एवढेच विचारले, “खाली काय घातलंयस?”

मी दिवाणखान्यात फरशीवर दोन्ही मॅटा एकीवर एक अंथरल्या. तो चपला काढून, चष्म्यासकट त्यांच्यावर आडवा झाला आणि डोळे मिटून पाच मिनिटे तसाच पडून राहिला. आम्ही कोणी काही बोललो नाही. मग तो उठला, फरशीवर तळहात टेकवून पाहिला, पुन्हा मॅटवर टेकवून पाहिला आणि मुलीकडे वळून म्हणाला, “माकडटोपी विसरू नकोस.”