किल्ल्याच्या पाटीवर शिपायाच्या घरचा पत्ता कशाला?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला लष्कराने आता ‘विजय दुर्ग’ हे नाव दिले आहे. सिंधुदुर्गातील मराठ्यांच्या जलदुर्गावरून घेतलेल्या या नावाची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वत्र झाली. नाव बदलले, हुगळीकाठची जागा, तट आणि आतले पूर्व विभागाचे मुख्यालय जिथल्या तिथेच राहिले. इंटरनेटवरील डोमेन नावाचेही असेच असते. संगणकाचा खरा पत्ता आकड्यांचा. डोमेन नाव ही त्यावर लावलेली, माणसाला वाचता येणारी पाटी. ती सर्वांनी वाचावी म्हणूनच लावलेली असते. परंतु म्हणून किल्ल्याच्या दरवाजावर कोणी आतल्या शिपायांच्या घरांचे पत्ते रंगवत नाही. स्वतःच्या प्रयोगांचे संकेतस्थळ उघडणाऱ्या विद्यार्थिनीकडून मात्र नेमकी हीच अपेक्षा वर्षानुवर्षे केली गेली.

या प्रथेचे मूळ ‘हू-इज’ नावाच्या प्रणालीत आहे. १९८२ मध्ये तिचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा अर्पानेट हे मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे जाळे होते. एखादे यंत्र बिघडले तर कोणाला फोन करायचा, एवढाच या सूचीचा हेतू. एकमेकांना ओळखणाऱ्यांची ती दूरध्वनीवही पुढे जगातील प्रत्येक नोंदणीदाराला लागू झाली, आणि नाव, टपालाचा पत्ता, फोन, ई-मेल हे सारे कोणाही अनोळखी माणसाला क्षणात दिसू लागले. २५ मे २०१८ रोजी युरोपचा माहितीसंरक्षण कायदा लागू होण्याच्या आठवडाभर आधी ‘आयकॅन’ने घाईने तात्पुरता नियम करून हे रकाने झाकण्याची मुभा दिली. छत्तीस वर्षांनी आलेली ही जाग स्वतःहून आलेली नव्हती, दंडाच्या धाकाने आली होती.

भारतात आता उलटा प्रवाह दिसतो. डाबर कंपनीच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून लोकांकडून पैसे उकळल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे होते. प्रतिवादी ‘अशोक कुमार’, म्हणजे आपल्या न्यायालयांत अज्ञात इसमासाठी वापरले जाणारे कल्पित नाव. डिसेंबर २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, रजिस्ट्रारांनी नोंदणीदाराची माहिती आपसूक झाकू नये. ज्याला गोपनीयता हवी त्याने ती मागावी आणि तिचे जादा शुल्क भरावे. फसवल्या गेलेल्या माणसांचे नुकसान खरे आहे, आणि चोर नावामागे लपतो हेही खरे. तरीही हा उपाय चोरापर्यंत पोहोचत नाही.

चोर नोंदणी करताना खरा पत्ता देतोच कशाला? पडदा हटवला तरी त्याच्यामागे खोटे नावच सापडणार. खरा पत्ता देतो तो प्रामाणिक माणूस, कारण चुकीची माहिती आढळल्यास डोमेन निलंबित होते. कलकत्त्याने ही चूक एकदा केलेली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठेही शहरावर आले नाहीत. १७५६ मध्ये सिराज उद्दौल्याने जुना फोर्ट विल्यम घेतला, तेव्हा त्या खंदकाने त्याला अडवले नाही. खर्च तेवढा रहिवाशांचा झाला.

शिवाय ‘हवी त्याने मागावी’ हा युक्तिवाद तांत्रिक वास्तवाकडे पाठ फिरवतो. नोंदणी सार्वजनिक होताच यंत्रे ती उचलतात आणि जुन्या नोंदींचे साठे विकणारे व्यवसाय ती जपून ठेवतात. आठवड्याने सावध होऊन पैसे भरले, तरी पहिल्या दिवशी उघडा पडलेला पत्ता परत झाकता येत नाही. पाठलाग सहन करणाऱ्या मुलीला किंवा भोंदूबाबाचा दावा खोडून काढणाऱ्या तरुण विज्ञानलेखकाला तो पहिला दिवसच महागात पडू शकतो. आणि शुल्क कशासाठी? एक रकाना न दाखवण्याला खर्च तो किती येतो!

कायद्यातील फट तर याहून गंभीर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तिसरे कलम सांगते की, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या, किंवा कायदेशीर बंधनामुळे सार्वजनिक झालेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे नोंदवहीत पत्ता उघडा पडला की संरक्षणही गेले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात मूलभूत ठरवलेला खासगीपणाचा हक्क अशा रीतीने एका नोंदणी अर्जात विरून जातो.

गंमत अशी की, याच निर्णयात योग्य मार्गही आहे: हक्कदार, पोलीस किंवा न्यायालय यांनी मागितल्यास रजिस्ट्रारने ७२ तासांत माहिती द्यावी. हे काटेकोरपणे पाळले गेले, तर तीच माहिती साऱ्या जगासमोर टांगून अधिक काय साधते? ‘डॉट इन’ची व्यवस्था पाहणाऱ्या ‘निक्सी’चे धोरण इथे विचारात घेण्याजोगे आहे. तिथे दुसऱ्याच्या नावाआड नोंदणी करण्यास परवानगी नाही, पण सार्वजनिक शोधात नोंदणीदाराचा पत्ता व फोन झाकलेले दिसतात. खरी माहिती दप्तरी, पाटीवर फक्त नाव. हाच नियम भारतात विकल्या जाणाऱ्या ‘डॉट कॉम’लाही, विनाशुल्क आणि न मागता, लागू व्हावा; आणि दप्तर कोणी, कधी, कोणत्या कारणाने उघडले, याची लेखी नोंद त्या नोंदणीदाराला कळवली जावी.