बोटाखालची रेघ

वसईतल्या होळी बाजारात सकाळी भाजीची टोपली पुढ्यात घेऊन तांबड्या लुगड्यातली बाई बसलेली असते, हे चित्र इथल्या मुलांना पाठ असायला हवं. ते मोबाइलवर किंवा संगणकावर काढायचं ठरवलं, तर आज कुणाच्या परवानगीची गरज नाही. संगणकावर क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोबाइलवर आयबिस पेंट हे अ‍ॅपही बिनपैशात सुरू करता येतं. खालच्या लेअरवर कच्चं रेखाटन करायचं, ते फिकं करायचं, वरच्या लेअरवर पक्की रेघ ओढायची, रंग त्या रेघेखाली भरायचा आणि तिच्या डोक्यावरच्या ताडपत्रीची सावली ‘मल्टिप्लाय’ लेअरवर टाकायची, म्हणजे लुगड्याचा तांबडा रंग सावलीतही मरत नाही. हे बारा-तेरा वर्षांची पोरं आपापलं शिकतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. आयबिस चित्राचा सगळा प्रवास टिपून ठेवतं. दुसऱ्याची अशी फीत बघताना कुठली रेघ आधी आली, कुठली पुसली गेली, ते कळतं. पूर्वी त्यासाठी चित्रकाराच्या शेजारी बसावं लागे. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. ‘अनडू’ हाताशी असल्यानं हात बिचकायला लागतो, एकेक रेघ दहादा मागे घेतली जाते. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतलं स्मरणचित्र त्यावर उत्तम औषध आहे. बाजार डोळे भरून पाहा, घरी या, आणि फोटो न उघडता ती बाई, टोपली, ताडपत्री काढा. अनडू न वापरता.