विश्लेषण : थोरांची सही जपायची, की त्यांचे पत्र?

धामणगाव बढेसारख्या गावात जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे घर बांधायला काढले, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तीत खरेदीखते असतात, कर्जाच्या पावत्या असतात, लग्नपत्रिका असतात आणि तारेत ओवलेली पोस्टकार्डे असतात. खरेदीखत बाजूला काढले जाते, कारण त्यावर जमीन उभी असते. बाकीचा गठ्ठा रद्दीत जातो, नाहीतर चुलीत. त्यात चुकून एखाद्या मोठ्या माणसाची सही दिसली, तर मात्र हात थांबतो आणि पहिला प्रश्न येतो : ‘याचे किती येतील?’

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातल्या या गावात काय, किंवा पुण्या-मुंबईत काय, प्रश्न हाच असतो. तो विचारण्यात गैर काही नाही. पण हे पत्र कुणी कुणाला लिहिले, केव्हा लिहिले आणि कशासाठी लिहिले, हे आधी विचारले गेले नाही, तर सही उरते आणि इतिहास हातातून जातो. थोरांच्या सह्या आणि पत्रे जमवण्याच्या छंदाकडे म्हणूनच नीट पाहायला हवे.

सही आणि पत्र यांत फरक काय?

सही म्हणजे भेटीचा पुरावा. महात्मा गांधी सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत. ती सही जपणाऱ्या घराला तिचे मोल आहेच; पण त्यातून एवढेच कळते, की कुणीतरी गांधीजींना भेटले आणि निधीला पैसे दिले.

पत्राचे तसे नसते. पत्रात तारीख असते, गाव असते, समोरचा माणूस असतो. लिहिणारा चिडलेला असतो, अडचणीत असतो, कधी पैशांची विवंचना सांगत असतो. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत. पण त्यांची निवडक पत्रे पुस्तकरूपाने आली आणि कथांमागचा माणूस मराठी वाचकाला भेटला. जीएंच्या नुसत्या सह्यांचा संग्रह हे काम करू शकला नसता.

पत्राखालची सही कापून वहीत चिकटवणे हा या छंदातला सर्वांत वाईट प्रकार. सही राहते, पण ती कशाखाली केली होती हे कायमचे पुसले जाते.

शिवकालीन पत्रावर सही असते का?

आजच्या अर्थाने नसते. सतराव्या शतकातील मराठी राजपत्र लेखनिक लिहीत असे आणि त्याचा खरेपणा शिक्क्याने ठरे. माथ्याशी मुद्रा उमटवली जाई, तर मजकूर संपला तेथे मोर्तब केले जाई. मोर्तबाचा हेतू साधा होता : त्याखाली कुणी नंतर ओळी घुसडू नयेत. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तेथूनच आला.

म्हणून ‘शिवाजी महाराजांची सही असलेला कागद’ असे सांगून कुणी काही विकायला आला, तर सावध व्हावे. अशा कागदाची परीक्षा मुद्रा, मोडी वळण, मायने, कालगणना आणि कागद हे सगळे एकत्र पाहून होते. ते काम अभ्यासकाचे आहे, विक्रेत्याचे नव्हे.

संग्राहकांनी महाराष्ट्राला काय दिले?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाडे आणि मठ धुंडाळले आणि जुनी दप्तरे मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे खंडांची संख्या २२ झाली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी मिळालेले कागद कुलपात ठेवले नाहीत, छापले. त्यांच्यात आणि हौशी संग्राहकात फरक आहे तो हाच.

बुलढाण्यालाही ही परंपरा आहे. येथील यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासंबंधीचे कागद अनेक वर्षे जमवले आणि त्यांवर चरित्राचे खंड उभे केले. शंकरराव खरात यांनी बाबासाहेबांची पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड आहेत आणि त्यांत पत्रांचा वाटा फार मोठा आहे. ज्यांच्या घरी पत्रे होती त्यांनी ती दाखवली, त्यांच्या नकला करू दिल्या, म्हणून हे खंड झाले. मूळ पत्र घरातच ठेवूनही ते सर्वांचे करता येते, हे या कामाने दाखवले.

वऱ्हाडात घरातला कागद जास्त मोलाचा का?

कारण वऱ्हाडचे सरकारी दप्तर एका जागी नाही. हा मुलूख निजामाचा होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर बुलढाणा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राजधानी हैदराबादहून नागपूर आणि नागपूरहून मुंबई अशी बदलत गेली, तसे कागदही विखुरले. अशा वेळी गावातल्या घरात राहिलेली पावती, करार किंवा पत्र ही कधी कधी त्या व्यवहाराची एकमेव खूण असते.

जुन्या कागदाची किंमत आज सगळ्यांनाच पटली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ आजच्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाशी जोडली गेली.

या जिल्ह्याचेच आणखी एक उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. बुलढाण्याच्या या लेखिकेचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले आणि नंतर जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राला आपल्या एका धारदार लेखिकेची नव्याने ओळख झाली. जुनी प्रत कुठेतरी टिकली होती, म्हणून हे घडले.

ज्यांना सही येत नव्हती, त्यांचे काय?

सह्यांच्या छंदाची ही मोठी मर्यादा आहे. त्यात शिकलेल्यांना आणि नाव मिळवलेल्यांनाच जागा मिळते. शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकात आली. येथे खरी ठेव सहीची नाही, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या वहीची आहे.

खेड्यातल्या बहुतेक जुन्या कागदांवर तर सहीच्या जागी अंगठा आहे. शेजारी कुणीतरी लिहून ठेवलेले असते, की ही निशाणी अमक्याची. लिलावात त्या अंगठ्याला भाव येणार नाही. पण कर्ज किती होते, व्याज काय लागले आणि शेत कसे गेले, हे सांगणारा साक्षीदार तोच आहे. पेटीतून नेत्याचे पत्र उचलणारा आणि अंगठ्याचा करार टाकून देणारा संग्राहक अर्धाच इतिहास घरी नेतो.

खोटे पत्र कसे ओळखतात?

नुसती सही जुळते का, एवढेच पाहून चालत नाही. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. पैशांची दशमान पद्धत एप्रिल १९५७ पासून आहे आणि पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. म्हणजे पिनकोडच्या चौकटी छापलेल्या कार्डावर १९५५ ची तारीख असेल, तर ते कार्ड खोटे. बुलढाण्याच्या पत्त्यात १९५२ मध्ये ‘मुंबई राज्य’ असेल, तरीही शंका घ्यावी.

सहीवर भिंग धरावे. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. रबरी शिक्क्याची शाई कडेला साचते. हाताने केलेल्या सहीत दाब कमी-जास्त होतो. १९८३ मध्ये जर्मनीतील ‘स्टर्न’ या साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून रोजनिशा छापल्या. कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेले उजळवणारे रसायन सापडले आणि बनाव उघडा पडला. अक्षर पाहून भले भले फसले. कागद फसला नाही.

यापेक्षाही मोठा पुरावा म्हणजे पत्राचा प्रवास. ते कुणाच्या घरी होते, तेथे कसे आले, कुणाकडून पुढे गेले, ही साखळी सांगता येत असेल तर पत्राला विश्वासार्हता येते. ‘एका जुन्या वाड्यात मिळाले’ हे उत्तर पुरेसे नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा वैज्ञानिक मोल असलेले किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज ही पुरावस्तू ठरते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. सरकारी दप्तरातला कागद तर विकायचा नसतोच. त्यासाठी केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. पत्र ज्याला आले, कागद त्याचा. पण मजकुराचा लेखाधिकार लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. म्हणून लेखकाचे अप्रकाशित पत्र पुस्तकात किंवा समाजमाध्यमावर टाकण्याआधी परवानगी घ्यावी. पत्रात तिसऱ्याच कुणाची खासगी गोष्ट असेल, तर कायद्याइतकेच तारतम्यही लागते.

विकावे की जपावे?

गरज असलेल्या घराने पत्र विकले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. मोठा पैसा यात आहेच. २०१२ मध्ये भारत सरकारने गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतील मित्र हरमान कॅलेनबाख यांच्यासंबंधीचा पत्रसंग्रह सदबीजच्या लिलावाआधीच सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतला. पण येथे पत्रे एकगठ्ठा राहिली, हे महत्त्वाचे. तीच सुटी सुटी विकली गेली असती, तर एकाच मैत्रीचे तुकडे दहा देशांत गेले असते.

संस्थेला दिले की सुटलो, असेही नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमावाने तोडफोड केली आणि दुर्मीळ ग्रंथ-हस्तलिखितांची हानी झाली. घराला वाळवीचे भय, तर संस्थेलाही आपली भये असतात. म्हणून मूळ कागद कुठेही असो, त्याची छायाप्रत निदान दोन ठिकाणी असणे, हाच आजचा शहाणपणाचा मार्ग आहे. हातातल्या मोबाइलमुळे तो प्रत्येकाला मोकळा झाला आहे.

पेटी उघडली, तर काय करावे?

आधी गठ्ठा आहे तसाच ठेवावा; कागदांचा क्रमही काही सांगत असतो. उजेडात, फ्लॅश न वापरता प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत. पाकीट टाकू नये. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून पत्रातली नावे, नाती आणि प्रसंग विचारावेत आणि ते वेगळ्या वहीत लिहावेत. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. पत्राला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, पिन टोचू नये. जुने लोक दप्तर सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवत. ती पद्धत आजही चांगली आहे.

मोडी कागद असेल, तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपूरचे कार्यालय, विद्यापीठ किंवा जाणकार मोडी वाचक यांच्याकडे फोटो न्यावा. मूळ कागद पहिल्याच भेटीत कुणाच्या हवाली करू नये. द्यायचाच झाला, तर लेखी पोच घ्यावी.

गावाच्या पातळीवरही हे जमण्यासारखे आहे. शाळेने किंवा वाचनालयाने वर्षातून एक दिवस ‘जुने कागद घेऊन या’ असे सांगावे. मुलांनी फोटो काढावेत, आजी-आजोबांनी माहिती सांगावी आणि कागद संध्याकाळी ज्याचा त्याच्या घरी परत जावा. त्याला इमारत लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे याच जिल्ह्यातले; त्यांना १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे दोन ओळींचे पोस्टकार्ड उद्या कुणाच्या पेटीत निघाले, तर त्याची चौकट करून भिंतीवर लावण्याचा मोह होईल. लावावे जरूर, पण त्याची प्रत लावावी आणि मूळ कार्ड जपून ठेवावे. ते ज्या वाचकाला आले होते, त्याचे नावही त्या प्रतीखाली लिहावे. कवीने उत्तर पाठवले, ते त्या वाचकाने आधी पत्र लिहिले म्हणून. आणि ते आज आपल्या हाती आले, ते त्याने इतकी वर्षे सांभाळले म्हणून.