खुमखुमीचे काय करायचे?

‘रस्त्यावर कधी हात चालवायचाच नाही, तर कराटे शिकून उपयोग काय?’ नवा पट्टा कमरेला बांधलेल्या पोराचा हा ठरलेला सवाल. आदिलाबाद जिल्ह्यात त्याचे उत्तर फार लांब शोधायला नको. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर जत्रेतल्या कुस्त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिल्या आहेत. अंगातली रग जिरवायची तर फडात उतरावे. तिथे पंच जोड पाहून लावतात आणि पाठ टेकली की कुस्ती संपते. चीत झालेल्यावर कोणी बुक्की उगारली, तर इनाम राहिले बाजूला, गावच त्याला फडाबाहेर काढील.

चौकात ना पंच, ना माती. तिथे कायदा असतो. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पोलिसांकडे जायला सवड होती, तर तोही नाही. सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडणाऱ्याला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. दोन ऑलिंपिक पदके मिळवणारा सुशील कुमार २०२१ साली छत्रसाल स्टेडियममधल्या मारहाणीनंतर एका तरुण मल्लाच्या खुनाचा आरोपी झाला. न्यायालय ठरवायचे ते ठरवील. त्या रात्रीच्या प्रकाराला कुस्ती मात्र कोणी म्हणणार नाही. कराटे जपानभर नेणारे फुनाकोशी तर पहिला वार आपला नसतो, हेच शिकवत.

खरे तर भांडण शोधावे की टाळावे, हा प्रश्न पडणे हीच एक चैन आहे. उटनूरकडच्या वसतिगृहातून सुट्टीला गर्दीच्या बसने गावी निघालेल्या मुलीला तो पडत नाही. तिने न शोधताच ते शेजारच्या सीटवर येऊन बसते. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. चांगलेच आहे. पण तीन महिन्यांत कोणी लढवय्या होत नाही. तेवढ्या वेळात पाहुण्यांपुढे कौले फोडून दाखवण्याची तयारी करून घेण्यापेक्षा धरलेले मनगट सोडवणे, मोठ्याने ओरडणे, पळणे आणि ११२ लावणे अंगवळणी पाडावे. पळून येणारीला घरी कोणी भित्री म्हणू नये, हेही पालकांना बोलावून सांगावे.

आणि ज्यांच्यापायी हे सारे शिकावे लागते, त्या वयाच्या मुलांसाठी या योजनेत एकही तास नाही.