ॲट्रॉसिटी ‘करतं’ कोण?

सिनेमा फालतू निघाला की ‘ॲट्रोशियस’. सिग्नलला पाऊण तास अडकलो की ट्रॅफिक ‘ॲट्रोशियस’. रिसेप्शनला कुणी जांभळ्या ब्लेझरवर पोपटी टाय घालून आला की, ‘व्हॉट ॲन ॲट्रॉसिटी, यार!’ आपल्या जिभेला हा शब्द सॉलिड सूट होतो. चार सिलेबल्स, मध्ये ठसक्यात येणारा ‘ट्रॉ’, आणि बोलणारा आपोआप दोन इयत्ता पुढे गेल्यासारखा वाटतो.

आणि यात चूक काहीच नाही बरं का. इंग्रजी डिक्शनरीत ‘अतिशय कुरूप किंवा वाईट वस्तू’ हा अर्थ आहेच. फक्त तो खालच्या ओळीत आहे. वरच्या ओळीत आहे : भयंकर क्रूर कृत्य, माणसांवर केलेली निर्घृण हिंसा. टाय तिथे कुठेच बसत नाही.

शब्द लॅटिनमधून आलाय. ‘आट्रॉक्स’ म्हणजे क्रूर, भीषण. त्याच्या पोटात ‘आटर’ म्हणजे काळा आहे, आणि शेवटचा तुकडा भाषातज्ज्ञ ‘डोळा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. थोडक्यात, ज्याच्याकडे बघितल्यावर डोळ्यांसमोर काळोख यावा असं काहीतरी. आपल्याकडच्या ‘काळं कृत्य’चा लांबचा भाऊच म्हणा ना.

आता वापराचा फंडा. इंग्रजीत क्रूरपणाला शब्द ढिगाने आहेत, पण प्रत्येकाची ड्यूटी वेगळी. ‘क्रुएल्टी’ हा स्वभाव, तो एखाद्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोरातही असतो. ‘ब्रुटॅलिटी’त पशूसारखं बळ दिसतं, म्हणून पोलिसांच्या मारहाणीला तो शब्द चिकटला. ‘ॲट्रॉसिटी’ मात्र बहुतेक वेळा अनेकवचनात येतो आणि त्याच्यामागे ताकदवान विरुद्ध दुबळे असं चित्र असतं. सैन्य विरुद्ध गावकरी. सत्ता विरुद्ध सामान्य माणूस.

आम्हा पत्रकारांचा या शब्दाशी जुना संबंध आहे. १८७६ मध्ये ऑटोमन साम्राज्यात बल्गेरियन लोकांनी उठाव केला आणि तो चिरडताना गावंच्या गावं कापली गेली. मॅकगहन नावाचा अमेरिकन वार्ताहर बाताक गावात पोचला, बघितलं ते लंडनच्या ‘डेली न्यूज’साठी लिहिलं, आणि ‘बल्गेरियन ॲट्रॉसिटीज’ हे शब्द ब्रिटनमध्ये घरोघरी पोचले. ग्लॅडस्टन यांनी त्यावर पुस्तिका काढली, सरकारची पंचाईत झाली. पुढे २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक चौकट प्रसिद्ध केली. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना तिथे एकत्रित नाव आहे ‘ॲट्रॉसिटी क्राइम्स’. एवढा वजनदार शब्द आहे हा.

इथवर सगळं ठीक. आता मराठीत या.

मराठीत ‘ॲट्रॉसिटी’ म्हटल्यावर बाताक आठवत नाही, टायही आठवत नाही. मराठीत ॲट्रॉसिटी म्हणजे एक कायदा. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. लागू झाला ३० जानेवारी १९९० ला. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? म्हणून चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळे नुसतंच ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात.

पण शॉर्टकट मारताना एक गंमत झाली. गंमत कसली, गोची झाली.

हे वाक्य बघा : ‘त्याच्यावर ॲट्रॉसिटी झाली.’ इंग्रजीतून आलेला माणूस म्हणेल, अरेरे, बिचाऱ्यावर अत्याचार झाला. मराठी माणूस मात्र बरोब्बर उलटं समजतो. त्याच्यावर केस झाली, म्हणजे हा आरोपी! आता हे घ्या : ‘त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली.’ यातला ‘तो’ म्हणजे तक्रार करणारा. ज्याला जातीवरून शिवी पडली, ज्याने मार खाल्ला, तो व्याकरणात ॲट्रॉसिटी ‘करणारा’ झाला. आणि शिवी देणारा झाला ॲट्रॉसिटी ‘सोसणारा’. क्रियापदंही ऐका. ॲट्रॉसिटी टाकतात, लावतात, ठोकतात. हातात काठी असल्यासारखी. काळ्या कृत्याचं नाव कृत्यावरून उठलं आणि तक्रारीवर जाऊन बसलं.

एका शब्दाने असा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर माझ्या एका मैत्रिणीचं ऐका. आयटीत आहे, टीम लीड आहे, प्रेझेंटेशनला उभी राहिली की भलेभले गप्प बसतात. तिच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हिट असलेला जोक : ‘तिला काही बोलू नका रे, ॲट्रॉसिटी टाकेल.’ सगळे हसतात. तीही हसते. ‘का हसतेस?’ मी विचारलं. म्हणाली, ‘नाही हसले तर सेन्स ऑफ ह्यूमर नाही म्हणतील. आणि सीरियसली काही बोलले, तर बघा, आम्ही म्हणत होतोच, असं म्हणतील.’ मग तिने चुलतभावाच्या लग्नाचं सांगितलं. आपल्याकडे डीजे कुठला आणायचा यावरून घरात भांडणं होतात. त्यांच्या घरात बैठक बसली ती वरातीला घोडा आणायचा की नको, यावर. शेवटी वरात निघाली, पण पोलीस बंदोबस्तात.

मला वाटलं, कायद्यात नेमकं लिहिलंय तरी काय ते बघावं. तुम्हीही एकदा बघाच. १९८९ च्या कायद्यात ‘ॲट्रॉसिटी’ची व्याख्या एका ओळीची आहे : कलम ३ खाली शिक्षापात्र असलेला गुन्हा. मग कलम ३ उघडायचं, आणि तिथे यादी. तोंडात अखाद्य, घाणेरडा पदार्थ कोंबणं. जमीन बळकावणं. पाणवठ्यावर अडवणं. २०१५ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. चपलांचा हार घालणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, सार्वजनिक जागी सायकल-मोटरसायकल चालवायला, चपला किंवा नवे कपडे घालायला अडवणं. आणि हो, वरातीत घोड्यावर बसायला अडवणं. तो घोडा कायद्यात आहे मित्रांनो! कायदा करणाऱ्यांनी कल्पनाशक्ती लढवून हे लिहिलेलं नाही. कुठे ना कुठे कुणाला तरी घोड्यावरून खाली उतरवलं गेलं, म्हणून ते कलमात आलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘पण खोट्या केसेस होतात त्याचं काय?’ होत असतील. खोटी तक्रार कुठल्याही कायद्याखाली होऊ शकते, चेक बाउन्सपासून चोरीपर्यंत. पण ‘माझ्यावर चोरी टाकली’ असा जोक कँटीनमध्ये कुणी करत नाही. आणि आरोपी सुटला म्हणजे केस खोटी, हे गणितही जरा कच्चं आहे. गावात राहून गावाविरुद्ध साक्ष देणं सोपं नसतं. वर्षानुवर्षं खटला रेंगाळला की साक्षीदार फिरतात, तपासात ढिलाई झाली की पुरावे हातचे जातात.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारून टाकले. डिक्शनरीतला पहिला अर्थ याहून स्पष्ट कसा असेल? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवलं. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप तिथे टिकले नाहीत, आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही नाहीत. म्हणजे खून झाला हे सिद्ध झालं, पण कायद्याच्या भाषेत ती ॲट्रॉसिटी नव्हती. त्या वेळी जन्मठेपेच्या कलमात गुन्हा जातीच्या कारणावरून झाला, असं दाखवावं लागे. २०१६ पासून पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत असणं पुरेसं ठरवलं गेलं. दोन-चार शब्दांची दुरुस्ती, पण तीवर जन्मठेप अवलंबून असते.

पुढची चकमकही शब्दांचीच. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अटकेआधी चौकशीच्या, परवानगीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसं गेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८-अ कलम घालून त्या अटी काढल्या आणि २०२० मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं.

मग मराठी शब्दच वापरू, अत्याचार म्हणू, असं कुणी सुचवेल. पण त्याचंही एव्हाना काय झालंय बघा. पेपरातल्या हेडलाइनमध्ये ‘अत्याचार’ म्हणजे बलात्कार, असंच आपण वाचतो. बलात्कार म्हणायला जीभ अडते म्हणून अत्याचार म्हटलं, आणि जातीचा अत्याचार म्हणायला जीभ अडते म्हणून ॲट्रॉसिटी. इंग्रजी शब्दाचा हा एक मोठा उपयोग, नाही का? बोललो तरी काही बोलल्यासारखं वाटत नाही.

टायला खुशाल ‘ॲट्रोशियस’ म्हणा, टाय काही मनाला लावून घेणार नाही. पण पुढच्या वेळी ‘त्याने ॲट्रॉसिटी केली’ हे वाक्य कानावर आलं, किंवा जिभेवर आलं, तर तो ‘ने’ कुणाला लागलाय एवढं बघा. तक्रार करणारा तक्रार करतो. ॲट्रॉसिटी त्याच्या आधीच कुणीतरी केलेली असते.